सुट्टी, घोडे आणि सोनतळी

परवा रविवारी भाचीचा फोन आला. माझ्या भावाची मुलगी, वय वर्षं अकरा, मुक्काम टेक्सास. एरवी आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं. मी विचारायचं जेवलीस का, शाळा काय म्हणते, आणि तिने "हो आत्या", "बरी आहे आत्या" म्हणून फोन बाबाकडे द्यायचा. त्या दिवशी मात्र बाईसाहेब स्वतःहून बोलत होत्या. एक जुनं पुस्तक वाचून नुकतंच संपवलं होतं, त्यातल्या मुली सुट्टीत एका मोठ्या रँचवर जातात, घोड्यावर बसतात, रानात झोपतात वगैरे सगळं सांगून झालं. मग प्रश्न आला.

"आत्या, कोल्हापूरला पण राजाचे घोडे होते ना? मग असं पुस्तक मराठीत आहे का? मुली, सुट्टी आणि घोडे?"

मी म्हटलं, "बघते हं." मोठी माणसं उत्तर येत नसलं की असंच म्हणतात!

आधी तिचं पुस्तक शोधलं. 'ब्लू बॉनेट्स रँच पार्टी', लेखिका कॅरोलाइन जेकब्स आणि एडिथ एलरबेक रीड, बॉस्टनला १९१२ साली छापलेलं. हक्क कधीच संपलेले असल्यामुळे प्रोजेक्ट गटेनबर्गवर फुकट वाचता येतं. दोन रात्रींत वाचून काढलं. ब्लू बॉनेट हे टेक्सासच्या माळावर उगवणारं निळं फूल, १९०१ पासून त्या राज्याचं अधिकृत फूल. तेच नायिकेचं नाव. पोरीला आईवडील नाहीत, पण अफाट रँचची ती वारस आहे. १९१० साली आलेल्या पहिल्या भागात ती शिकायला म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये आजीकडे येते. तिथे तिचा मैत्रिणींचा कंपू जमतो, त्याचं नाव 'वी आर सेव्हन्स'. दुसऱ्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीत ती या सगळ्यांना आपल्या रँचवर घेऊन जाते. झालं, एवढीच गोष्ट! खलनायक नाही की खजिना नाही. घोड्यावर बसायला शिकणं, सहली, रुसवेफुगवे, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारी आजी.

(रँचला मराठी शब्द काय, यावर मी बराच वेळ घालवला. मळा म्हणावं तर फार लहान, कुरण म्हणावं तर त्यात घर नाही, पागा म्हणावं तर गुरं नाहीत. शेवटी रँचच ठेवलंय. मंडळींना सुचलं तर सांगा.)

त्या काळात अशा पुस्तकांची तिकडे लाटच आली होती. 'रँच गर्ल्स अॅट रेनबो लॉज' १९११ चं, 'रूथ फील्डिंग अॅट सिल्व्हर रँच' १९१३ चं. त्याच सुमारास, १९१० मध्ये 'कॅम्प फायर गर्ल्स' आणि १९१२ मध्ये 'गर्ल स्काउट्स' या मुलींच्या संघटना तिथे सुरू झाल्या. मुलींनी मोकळ्या हवेत हिंडावं, तंबू ठोकावा, शेकोटी पेटवावी, हे चांगल्या घरांना पटायला लागलं होतं. खरी सरहद्द, खरे काऊबॉय मागे पडत चालले होते. जे मागे पडतं ते सुट्टीत बघायला जायची जागा होतं. आपल्याकडे वाडे पडले आणि मग 'वाडा संस्कृती'वर पुस्तकं आली, तसंच.

आता भाचीचा प्रश्न. असं पुस्तक मराठीत का नाही?

मी कोल्हापुरात वाढले. कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा आहे. घोडा मागच्या पायांवर उभा, वर तलवार उगारलेल्या ताराराणी. गावात शिरताना पहिलं दर्शन होतं ते घोड्यावर बसलेल्या बाईचं! पण करवीर नगर वाचन मंदिरातून (१८५० सालचं ग्रंथालय ते) मी जी पुस्तकं घरी आणायची त्यात घोड्यावर बसलेली मुलगी कुठेच नव्हती. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' होता, आणि त्यांचीच 'चिंगी' होती. पण चिंगीचं जग घर आणि शेजारपाजार. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून हिंडायचा, तो मुलगा. शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' मी इतक्या वेळा वाचली की पानं सुटली, पण त्या चौघी मुळात लुइसा मे अल्कॉटच्या, अमेरिकेच्या. घोडे भेटले ते एनिड ब्लायटनच्या फेमस फाइव्हमध्ये. १९५४ च्या 'फाइव्ह गो टू मिस्टरी मूर'मध्ये जॉर्ज आणि अॅन सुट्टीत घोडेस्वारी शिकवणाऱ्या तबेल्यावर राहतात. ते पुस्तक वाचून मी वडिलांकडे घोडा मागितला होता. त्यांनी रंकाळ्यावर नेऊन भेळ खायला घातली!

लहानपणी वाटायचं, आपल्या लेखकांना सुचलं नसेल. आता वाटतं, प्रश्न सुचण्याचा नव्हताच. अशा पुस्तकाला लागतं काय? रँच लागते, घोडे लागतात, हे सगळं नंतरचं. आधी लागतं ते वय. पंधरा-सोळा वर्षांची, लग्न न झालेली, शाळेत जाणारी, आणि जिला 'सुट्टी' म्हणजे काय ते माहीत आहे अशी मुलगी. एक नव्हे, अशा पाच-सात. तरच कंपू होतो, रुसवेफुगवे होतात, गोष्ट होते.

१९१२ च्या महाराष्ट्रात हे वय बहुतेक मुलींना नव्हतंच. बाहुली खाली ठेवली की हातात पोळपाट. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवतो का? त्याने मर्यादा दहावरून बारावर नेली, तर केवढा गदारोळ झाला होता! मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षं ठरवणारा सारडा कायदा १९२९ चा, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. आपल्याच घरातलं बघा. पणजीचं लग्न नवव्या वर्षी, आजीचं चौदाव्या, आईचं एकविसाव्या. तीन पिढ्यांत ते मधलं वय हळूहळू उघडत गेलं. पणजीला कुणी विचारलं असतं, तुझी सुट्टीतली मजा सांग, तर तिने काय सांगितलं असतं? माहेरपण. तेही सासूने पाठवलं तर.

गंमत म्हणजे (गंमत तरी कसं म्हणावं?) महाराष्ट्रात मुलींनी एकत्र राहून शिकायच्या ज्या पहिल्या जागा झाल्या, त्यांतल्या बऱ्याच विधवांसाठी होत्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, पुढे तो हिंगण्याला गेला. लग्न झालेल्या मुलीला शाळेसाठी वेळ नाही, न झालेलीला घरचे पाठवत नाहीत. उरली ती जिचं लग्न होऊन मोडलं. तिच्याकडे मात्र वेळच वेळ. एक अपवाद लगेच आठवतो तो पुण्याच्या हुजूरपागेचा. १८८४ सालची मुलींची शाळा, आणि भरते कुठे, तर पेशव्यांच्या घोडदळाच्या पागेच्या जागेवर. नावातच पागा! जिथे घोडे बांधायचे तिथे मुली आल्या, पण घोडे तोवर निघून गेले होते.

आणि इथे मला एकदम सोनतळी आठवली.

आजी सांगायची, "सोनतळीला राजानं सुनंला शिकाय ठेवली हुती. पोरी घोड्यावर बसायच्या म्हणं!" लहानपणी ते मी राजाराणीच्या गोष्टीतलं समजून सोडून दिलं होतं. ती गोष्ट नव्हती, इतिहास होता.

कोल्हापुरातून पंचगंगा ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की सोनतळी येते. शाहू महाराजांचा तिथे कॅम्प होता. महाराजांना नव्या राजवाड्यापेक्षा अशा मोकळ्या जागा प्रिय. कुस्ती, शिकार, हत्ती, चित्ते आणि घोडे हे त्यांचे जीव की प्राण. नवे घोडे गाडीला जुंपून तयार करण्यासाठी जी दणकट गाडी असायची तिला 'खडखडा' म्हणत. भल्या धिप्पाड देहाचे महाराज त्या खडखड्यात बसून स्वतः घोडे हाकत. थोडक्यात, दीडशे वर्षांच्या कोल्हापुरात 'रँच' म्हणता येईल अशी कुठली जागा असेल तर ती हीच.

महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी. त्यांचं लग्न जून १९१७ मध्ये सासवडच्या जगताप घराण्यातल्या मुलीशी झालं. सासरचं नाव इंदुमती. जन्म ६ डिसेंबर १९०६, म्हणजे लग्नात वय साडेदहा. जेमतेम वर्ष झालं आणि १२ जून १९१८ ला प्रिन्स शिवाजी डुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. इंदुमती अकरा वर्षांची विधवा झाली.

अकरा. माझी भाची आहे तेवढीच.

पुढे काय व्हायचं ते त्या काळाच्या रीतीने ठरलेलंच होतं. राजघराण्यात गोषा कडक. लहान विधवा राणी म्हणजे वाड्यातली एक खोली, पांढरं वस्त्र, जपजाप्य, आणि उरलेलं अख्खं आयुष्य. महाराजांनी ते होऊ दिलं नाही. पोटचा मुलगा गेल्याचं दुःख उराशी असताना त्यांनी सुनेला शिकवायचं ठरवलं. घरातून विरोध झाला, तेव्हा तिची सोय वाड्यापासून लांब, सोनतळीला केली. एकटी मुलगी कशी रमणार, म्हणून बरोबरीच्या वयाच्या, वेगवेगळ्या जातींच्या मुली तिच्यासोबत ठेवल्या. शिकवायला शिक्षक आले. आणि पुस्तकांबरोबर घोड्यावर बसणं आलं, मोटार चालवणं आलं.

जरा थांबून विचार करा. ज्या घोड्याने नवरा नेला, त्याच जनावराच्या पाठीवर या मुलीला बसवलं. हे धाडस महाराजांचं की तिचं? मला वाटतं तिचं जास्त. महाराजांनी फार तर रिकिबीत पाय ठेवायला सांगितलं असेल. टाच मारायची तर तिलाच होती.

म्हणजे बघा, तिकडे बॉस्टनच्या छापखान्यातून ब्लू बॉनेट निघून सहा वर्षं होत होती. तिच्या मैत्रिणी कागदावर घोडे दौडवत होत्या. इकडे पंचगंगेपलीकडच्या माळावर खरोखरच्या मुलींचा कंपू जमला होता. तेच वय, तेच घोडे, तीच मोकळी हवा. फरक एवढाच की ब्लू बॉनेटला ते वय जन्मतःच मिळालं होतं. इंदुमतीला ते मिळण्यासाठी आधी विधवा व्हावं लागलं. प्रिन्स शिवाजी जगले असते तर ती वाड्यात राणी म्हणून राहिली असती, आणि सोनतळीची शाळा कधी भरलीच नसती. हे लिहिताना हात अडखळतो, पण आहे ते असं आहे.

अडखळायला आणखीही कारण आहे. कोल्हापूर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा महाराजांनी केला तो जुलै १९१७ मध्ये. म्हणजे मुलाच्या लग्नानंतर महिन्याभरात! वर्षभरात स्वतःच्या घरात तोच प्रश्न उभा राहिला. इंदुमतीचा पुनर्विवाह झाला नाही. रयतेसाठी जे केलं ते सुनेसाठी का नाही, असं आज आपण पटकन विचारतो. घराण्याची रीत होती, नातेवाईक होते, आणि महाराजांच्या हातात तेव्हा जेमतेम चार वर्षं उरलेली होती. मी त्यांची वकिली करत नाही. एवढंच दिसतं, की वाड्याची भिंत त्यांना पाडता आली नाही, तेव्हा त्यांनी भिंतीबाहेर एक जागा काढून दिली. त्याच १९१७ साली त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. स्वतःच्या घरात मात्र रुपयाच्या दंडाने भागलं नसतं.

रँच म्हटली की मालकाबरोबर राबणारी माणसंही आली. ब्लू बॉनेटच्या पुस्तकात मेक्सिकन नोकरमाणसं आहेत, पण ती बिचारी कडेकडेने वावरतात, गमतीपुरती. त्यांची गोष्ट कुणी विचारत नाही. आपल्या इतिहासात ती एकदा विचारली गेली. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून पागेतल्याच लोकांनी त्यांना मरेस्तोवर मारलं. महाराज परगावाहून आल्यावर गंगाराम गाऱ्हाणं घेऊन गेले ते सोनतळीलाच. महाराजांनी मारणाऱ्यांना स्वतः चाबकाने फोडलं, आणि गंगारामांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल घालून दिलं. मग येताजाता गाडी थांबवून स्वतः तिथला चहा घ्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही घ्यायला लावायचे. इंदुमतीच्या सोबतिणी निरनिराळ्या जातींच्या का निवडल्या, ते ही गोष्ट माहीत असली की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकत्र शिकायचं, एकत्र हिंडायचं, म्हणजे पाण्याचा हौद कुणाचा हा प्रश्न त्या वयात तरी डोक्यात शिरू नये.

महाराज ६ मे १९२२ ला मुंबईत गेले. इंदुमती तेव्हा पंधरा वर्षांची होती. बरोबर ब्लू बॉनेटच्या वयाची. पाठीवरचा हात गेला. सुनेला डॉक्टर करायचं महाराजांच्या मनात होतं. कोल्हापुरात ते काही अगदीच अचाट नव्हतं, डॉ. कृष्णाबाई केळवकर इथे महाराजांच्याच आधाराने डॉक्टर म्हणून काम करत होत्या. पण इंदुमतींचं ते राहून गेलं. १९२५ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आसपास त्या कोल्हापुरात राहिल्या, इंदुमती राणीसाहेब म्हणून. मुलींच्या आणि बायकांच्या शिक्षणाचं काम करत राहिल्या. 'ललिताविहार' आणि महाराणी शांतादेवी गायकवाड गृहिणी महाविद्यालय या संस्थांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. ३० नोव्हेंबर १९७१ ला त्या गेल्या. त्रेपन्न वर्षं वैधव्य, आणि त्यातली सुरुवातीची चार सोनतळीची.

माझ्या मनातून त्या बरोबरच्या मुली जात नाहीत. राणीसाहेबांचं नाव इतिहासात राहिलं. त्या मुलींचं काय झालं असेल? कुणाचं लग्न झालं असेल, कुणी शिक्षिका झाली असेल. म्हातारपणी नातवंडांना सांगत असतील का, आम्ही सोनतळीला घोड्यावर बसायचो म्हणून? आणि नातवंडं माझ्यासारखीच, राजाराणीची गोष्ट समजून, झोपी जात असतील.

मागच्या हिवाळ्यात एकदा मुद्दाम सोनतळीला जाऊन आले. आता तिथे वस्ती आहे. पंचगंगेच्या पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना तिथे घरांसाठी जागा दिल्या आहेत, आणि २०१९ च्या महापुरात त्या गावांतली कितीतरी कुटुंबं तिथेच आसऱ्याला होती. चिखली म्हणजे तेच गाव, जिथे सक्तीच्या शिक्षणाची पहिली शाळा १९१८ साली सुरू झाली. मी गेले तेव्हा शाळा सुटली होती. निळ्या गणवेशातल्या पाच-सहा मुली सायकली रेटत, मोठमोठ्याने भांडत चालल्या होत्या. बारा-तेरा वर्षांच्या असतील. कंपूच! मला बघून एकीने विचारलं, "कुणाकडं आलायसा काकू?" काय सांगणार? म्हटलं, "असंच, बघायला."

काल हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. लहान मुलीला सांगायचं तसं सांगितलं, पण काही लपवलं नाही. ती गप्प ऐकत होती. अकराव्या वर्षी विधवा म्हणजे काय, हे तिला दोनदा समजावून सांगावं लागलं. पहिल्या वेळी तिला वाटलं माझीच इंग्रजी शब्दाची चूक होतेय.

मग तिने विचारलं, "पण आत्या, सुट्टी संपल्यावर ती घरी कधी गेली?"

तिच्या पुस्तकात शेवटी सगळ्या मुली आपापल्या जगात परत जातात ना. तिला तेच अपेक्षित होतं. मी म्हटलं, "तिची सुट्टी नव्हती गं. तेच तिचं घर होतं आणि तीच शाळा."

थोड्या वेळाने म्हणाली, "मग हे पुस्तक लिही ना कुणीतरी."

मे महिन्यात ती येतेय. सोनतळीला जायचं ठरलंय. घोडे आता नाहीत, हे आधीच सांगून ठेवलंय. ती म्हणाली चालेल. आणि मावशी, काकू, सगळ्या वाचणाऱ्यांनो, तोवर एक काम करा. आपापल्या घरात ते मधलं वय, शाळेचं, मैत्रिणींचं, सुट्टीचं, पहिल्यांदा कोणाच्या वाट्याला आलं ते विचारून ठेवा. ज्यांना विचारायचं त्या आता फार थोड्या उरल्यात.